दाजींची सही

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझे दाजी, थोरल्या बहिणीचे नवरे. चाकणच्या एका कंपनीत ते तेवीस वर्षं प्रेस मशीनवर काम करतात. मी इंजिनिअर झालो तो चिखलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहून. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. पदवीदानाच्या दिवशी काढलेल्या फोटोत आई-वडील नाहीत, ते गावाहून येऊ शकले नव्हते. माझ्या शेजारी दाजी आहेत, कंपनीच्या गणवेशात, कारण ते पहिली शिफ्ट करून थेट आले होते.

हे आधी सांगतो, कारण पुढे मी त्यांच्याशी कसा वागलो ते सांगायचं आहे. सांगताना बसवत नाही. आत्ताही ही चार वाक्यं लिहून एकदा उठून खिडकीशी जाऊन आलो.

मी तालुक्याच्या गावी बारावी केली, मराठी माध्यमातून. ताथवड्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा राहायचं कुठं हा प्रश्न होता. बहिणीच्या सासरी भावानं चार वर्षं राहणं आमच्याकडे बरं दिसत नाही. ताईसुद्धा गप्प होती. दाजीच म्हणाले, "मेव्हणं राहू द्या इथंच. रात्री कुणीतरी इंग्रजी बोलायला पाहिजे घरात." इंग्रजी कुणीच बोलत नव्हतं. पण नंतर शेजारी कुणी काही म्हणालं, की दाजी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "त्याला आम्ही पाहुणा म्हणून नाही ठेवला, कागद वाचायला ठेवलाय."

आणि ते खरंच होतं. वीजबिल, गॅसचं पुस्तक, कंपनीचं पत्र, शाळेची नोटीस, जे काही इंग्रजीत यायचं ते माझ्यापुढे ठेवलं जायचं. मी वाचायचो, मराठीत सांगायचो, मग दाजी सही करायचे. सही करण्याआधी ते टेबल पुसायचे. पुसलेलं असलं तरी परत पुसायचे.

मी त्या घरी राहायला गेलो त्याच सुमाराला माझी भाची दोन वर्षांची झाली होती आणि तिला ऐकू कमी येतं हे घरात कळायला लागलं होतं. मागून हाक मारली की वळायची नाही. ताई रडायची. दाजी रडले नाहीत, त्यांनी तिच्याशी हातांनी बोलायला सुरुवात केली. प्रेस शॉपमध्ये आवाज इतका असतो की माणसं तोंडानं बोलतच नाहीत. दोन बोटं ओठांना लावली की चहा. मनगट फिरवलं की डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बदलायची. पोटावरून गोल हात फिरवला की साहेब येतोय. या खुणा दाजींनी पोरीला शिकवल्या. मग ताई स्वयंपाकघरातून बाहेर यायला लागली की बाप-लेक दोघं पोटावरून हात फिरवायचे आणि काही तरी लपवायचे.

"मी काय तुमचा साहेब आहे का?" ताई म्हणायची.

"साहेब परवडला," दाजी म्हणायचे. "तो आठ तासांनी घरी तरी जातो."

दाजींचं स्वतःचं ऐकणंही तोवर निम्मं गेलं होतं. पण ते कागदावर कुठंच नव्हतं. कंपनीत दर वर्षी कानाच्या तपासणीची गाडी येते. आत एक छोटी केबिन असते, तिला काच. माणसानं हेडफोन लावून आत बसायचं, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. ज्याचा निकाल वाईट येतो त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकतात. पॅकिंगला ओव्हरटाइम नाही, आणि वीस वर्षं दोनशे टनांचा प्रेस चालवलेल्या माणसाला पुठ्ठ्याचे खोके बांधत बसणं सोसत नाही. म्हणून प्रेस शॉपमध्ये जुना माणूस नव्याला पहिल्या महिन्यातच शिकवतो: काचेतून तपासणाऱ्याचा हात दिसत नाही, पण खांदा दिसतो. तो आवाज सोडतो तेव्हा खांदा जरासा हलतो. खांदा हलला की दाब. दाजी याच पद्धतीनं दर वर्षी पास होत होते.

मी शेवटच्या वर्षाला होतो आणि भाची साडेपाच वर्षांची होती, तेव्हा निगडीच्या एका शाळेत तिचं नाव घालायचं ठरलं. शाळेनं कानाचा रिपोर्ट मागितला. फार कमी ऐकू येत असेल तर विशेष शाळेत घाला, असं त्यांनी आधीच सुचवलं होतं. ती शाळा लांब होती, आणि दाजींना ते मनातून नको होतं. त्यांनी आठ दिवस पोरीला घरात बसवून तो खेळ शिकवला. ताईच्या मैत्रिणीचा हेडफोन आणला. स्वतः दाराआड उभे राहायचे, फक्त खांदा बाहेर. पोरगी हातात पेनाचं टोपण धरून बसायची. खांदा हलला की टोपण दाबायची आणि खिदळायची.

तपासणीच्या दिवशी दाजींची पहिली शिफ्ट होती. तिला घेऊन मी गेलो. मी खोलीत होतो. तिचे डोळे काचेपलीकडच्या बाईंच्या खांद्यावर खिळलेले मी पाहिले. रिपोर्टवर आलं, सौम्य दोष. मी तो रिपोर्ट घेऊन शाळेत गेलो, मुख्याध्यापकांशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोललो, आणि प्रवेश झाला. त्या दिवशी मी कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. संध्याकाळी दाजींनी जिलेबी आणली.

त्याच रिपोर्टवरून तिला कानात घालायचं ऐकण्याचं मशीन मिळालं. पोरगी शाळेत टिकली. पुढच्या बाकावर बसून, ओठ वाचून, वह्या उतरवून ती पास होत गेली. टेनिस मधेच आलं. ताई निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्यावर पोळ्या करायला जायची. त्या घरचे आजोबा जवळच्या कोर्टवर मुलांना टेनिस शिकवायचे. सुट्टीत ताई पोरीला सोबत न्यायची आणि ती कोर्टच्या जाळीला तोंड लावून बसायची. एक दिवस आजोबांनी तिच्या हातात रॅकेट दिली. महिन्याभरानं ते ताईला म्हणाले, "हिला चेंडू लवकर दिसतो. समोरच्यानं मारायच्या आधी ही निघालेली असते."

मला त्याचं कारण माहीत होतं. ती सर्व्हिस करणाऱ्याचा खांदा बघत होती.

ती सतरा वर्षांची झाली तेव्हा कर्णबधिर खेळाडूंच्या जागतिक क्रीडास्पर्धांसाठी देशाचा टेनिसचा संघ निवडायचा होता. पळणं, पोहणं, बॅडमिंटन, टेनिस, सगळे खेळ त्यात असतात, आणि खेळताना कुणीही कानात मशीन घालायचं नाही असा नियम असतो. चाचणी सामन्यांत ती दुसरी आली. निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी चाकणला माझ्या कंपनीत, तपासणी विभागात, एका पार्टचं माप घेत होतो. ते माप मी तीन वेळा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं.

मग कागद सुरू झाले. ऐकण्याची क्षमता ठरावीक पातळीच्या खाली आहे असा ताजा रिपोर्ट लागत होता. एका तरुण बाईंनी तपासणी केली आणि रिपोर्ट आला की मुलीला नियमापेक्षा बरंच चांगलं ऐकू येतं. ती पात्र नाही.

आजोबा चक्रावले. "मी कोर्टवर भोंगा वाजवला तरी ही वळत नाही," ते म्हणाले. "हा कागद कुणाचा आहे?"

मला तिथेच कळलं होतं. तिनं मुद्दाम केलं नव्हतं. केबिनमध्ये बसली की डोळे आपोआप खांद्यावर जायचे, अकरा वर्षांची सवय. मी तिला बाजूला घेतलं आणि मोबाइलवर लिहून विचारलं. तिनं लिहिलं, "मग कुठं बघायचं असतं?"

मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि तिला घेऊन परत त्या कान तपासणाऱ्या तरुण बाईंकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काचेवर आतून कागद चिकटवला आणि परत तपासणी केली. आलेख पार खाली गेला. मग डोक्याला तारा लावून, झोपवून करतात ती तपासणी केली, तिच्यात बटण नसतंच. तोच निकाल.

त्या बाईंनी भाचीच्या कानातलं मशीन हातात घेऊन पाहिलं. "हे सौम्य दोषासाठी लावलंय," त्या म्हणाल्या. "जुन्या रिपोर्टवरून. इतकी वर्षं हिच्या कानात जे आहे ते दुसऱ्याच कुठल्या तरी मुलीसाठी आहे." हे त्या सहज बोलल्या.

एका आठवड्यात दोन उलट रिपोर्ट आल्यामुळे संघ निवडणाऱ्या संघटनेनं लेखी खुलासा मागितला. आधीचे रिपोर्ट चांगले का आले, ते पालकांनी लिहून सही करून द्यायचं. मुदत चार दिवसांची. खुलासा नाही आला किंवा पटला नाही तर यादीतली पुढची मुलगी जाणार.

त्या संध्याकाळी मी दाजींकडे गेलो. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि चाळीसारख्या त्या इमारतीत ओरडून सांगितलेली गोष्ट घरात राहत नाही. मी दार लावलं, खिडकी लावली, ताईनं मिक्सर लावला. तरीही मी अर्ध्या आवाजातच बोलत होतो आणि दाजी "काय? काय?" करत होते. शेवटी कळलं त्यांना.

"न्हाई," ते म्हणाले. "मशीन खराब होतं म्हणून लिही. बाई नवी होती म्हणून लिही. दुसरं काय बी लिही. मी शिकवलं आसं लिहू नको."

"दाजी, दुसरं काही पटणार नाही त्यांना."

"आन उद्या कंपनीत कळलं तर? बापानं पोरीला शिकवलं, मंग बाप कुठं शिकला? आमच्या शॉपमधले चाळीस जण हायेत. माझ्या एका कागदानं चाळीस जणांच्या कानाला परत तपासणी लावायची का?"

ताईनं मिक्सर बंद केला. भाची आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण बापाचे ओठ ती लहानपणापासून वाचत आली होती. तिनं पोटावरून हात फिरवला नाही. नुसती बघत राहिली आणि आत गेली.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. मी खोटा खुलासा लिहून पाहिला. मशीन खराब होतं, असं दोनदा लिहिलं. दोन वेगवेगळ्या ठिकाणची, अकरा वर्षांच्या अंतरानं, दोन्ही मशीनं खराब कशी? मी स्वतः तपासणी विभागात काम करतो. असा खुलासा माझ्या टेबलावर आला असता तर मी हसलो असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत बसून खरं लिहिलं. इंग्रजीत, एक पान. ते छापून घेतलं आणि संध्याकाळी दाजींकडे गेलो. दाजी नुकतेच आंघोळ करून बसले होते.

"कशाचा कागद?"

"एनओसी आहे," मी ओरडून सांगितलं. "पालकांची. परदेशी जायला लागते."

"खुलाशाचं काय झालं?"

"ते मी बघतो."

"तू वाचलास ना हा?"

"हो."

"मग झालं," दाजी म्हणाले. त्यांनी टेबल पुसलं, चष्मा लावला, आणि पूर्ण नावानिशी सही केली. मग कागद वर धरून शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि माझ्या हातात दिला.

खुलासा मान्य झाला. पोरीचं नाव यादीत राहिलं. दाजींनी प्रेस शॉपमध्ये पेढे वाटले. माझ्यासाठी ठेवलेले दोन पेढे मी कागदात गुंडाळून घरी नेले.

ती गेली आणि नवीन धास्ती सुरू झाली. स्पर्धेच्या ठिकाणीही ते काही खेळाडूंची परत तपासणी करतात. तिची केली, आणि तिनं सवयीनं समोरच्याच्या खांद्याकडे पाहिलं, तर तिथून परत. निघण्याआधी मी तिला एकच गोष्ट दहा वेळा लिहून दिली होती: डोळे मिटून बस. तिनं वैतागून उलट लिहिलं होतं, "मामा, सर्व्हिस घेताना पण मिटू का?"

तिसऱ्या दिवशी तिला बोलावलंच. मला तिचा निरोप आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये, मोशीच्या वाहतुकीत अडकलो होतो. "आत जातेय." मग पाऊण तास काहीच नाही. मी बसमध्ये उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो. शेजारचा म्हणाला, "भावा, काय झालंय? उतरायचंय का?" मी नाही म्हणालो आणि पुढच्या चौकात उतरलो. रस्त्याच्या कडेनं चालत राहिलो, कंपनीच्या दिशेनं की घराच्या, तेही बघितलं नाही. मग फोन थरथरला.

"झालं. पास. म्हणजे नापास. डोळे मिटले होते. मामा, मिटल्यावर तिथं काहीच नव्हतं."

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तिला ते नवीन होतं. इतकी वर्षं ती खांदे बघून ऐकत होती, आणि किती कमी ऐकू येतं हे तिला त्या परक्या देशात, एका केबिनमध्ये कळलं.

पहिला सामना आपल्याकडच्या वेळेनुसार सकाळी साडेसहाला होता. दाजींची दुसरी शिफ्ट होती. आम्ही तिघं त्यांच्या घरी मोबाइल डब्याला टेकवून बसलो. कोर्टच्या मागे एकच कॅमेरा, समालोचन नाही. प्रतिस्पर्धी एका युरोपीय देशाची उंच मुलगी. पंच गुण हातांनी दाखवत होते. प्रेक्षक टाळ्या वाजवत नव्हते, दोन्ही हात वर करून हलवत होते.

"चेंडूचा आवाज येतोय बघ, टप टप," ताई म्हणाली. "आपल्याला येतोय आणि खेळणाऱ्या दोघींना नाही."

"मला बी न्हाई येत," दाजी म्हणाले. "मी आन पोरगी एकच मॅच बघतोय. तुमी दुसरी बघा."

ती उंच मुलगी सर्व्हिस जोरात करायची. पहिल्या चार सर्व्हिसवर आमच्या पोरीला रॅकेट लावता आली नाही. पाचव्या वेळी चेंडू सुटायच्या आत ती डावीकडे सरकली आणि चेंडू सरळ रेषेत परत मारला. दाजींनी माझ्या मांडीवर थाप मारली.

"खांदा! खांदा बघतीय ती! बघ, बघ आता." आणि मग, माझ्याकडे वळून, अभिमानानं, मोठ्यानं, खिडकी उघडी असताना म्हणाले, "हे मी शिकवलंय."

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. माझ्या बॅगेत तिच्या सगळ्या कागदांची फाईल होती आणि फाईलीत त्या पानाची प्रत होती.

ती सहा-तीन, सहा-चार अशी जिंकली. ताई उठून देवापुढे गेली. दाजींनी दोन्ही हात वर करून हलवले, तिथल्या प्रेक्षकांसारखे, आणि बराच वेळ हलवत राहिले.

दुसऱ्या फेरीत ती हरली. पहिला सेट घेतला, दुसरा गेला, तिसऱ्यात तीन-तीन असताना तिचा पाय मुरगळला की ती दमली, कॅमेऱ्यातून नीट कळलं नाही. समोरची आशियातली, बुटकी, शांत मुलगी होती. तिचा खांदा हलतच नव्हता, सगळं मनगटानं करायची. शेवटचा चेंडू जाळीत गेला तेव्हा पोरगी जाळीजवळ गेली, त्या मुलीचा हात हातात घेतला, आणि दोघी हातांनी काहीतरी बराच वेळ बोलल्या. आमच्यातल्या कुणाला ती भाषा येत नव्हती. प्रेस शॉपची ती नव्हती.

"काय म्हणतीय?" दाजींनी मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. त्या घरात मला पहिल्यांदाच काही वाचून दाखवता आलं नाही.

त्याच दिवशी दुपारी दाजींचा निरोप आला. कंपनीनं पोरीचा सत्कार ठरवला होता. फोटो सूचनाफलकावर लागला होता. ऑफिसच्या साहेबांनी तिची सगळी फाईल मागवली होती, कंपनीच्या मासिकात छापायला. "सोमवारी फाईल घेऊन ये," दाजींनी बोलून पाठवलं होतं, "साहेब स्वतः वाचणार म्हणाले."

मी फाईल उघडली. ते पान काढणं सोपं होतं. काढलंही. दिवसभर ते माझ्या खिशात होतं. मग वाटलं, ते पान दाजींच्या सहीचं आहे. ते काढून टाकायचं की ठेवायचं हेही मीच ठरवलं, तर मी दुसऱ्यांदा तेच करेन. पान परत जागेवर लावलं.

फोनवर ते बोलता येणार नव्हतं. समोर बसून ओरडून सांगितलं असतं तर आधी शेजाऱ्यांना कळलं असतं. मोबाइलवरची बारीक अक्षरं दाजींना दिसत नाहीत, व्हॉट्सॲपवर लिहिलेलं ताईच वाचून दाखवते. म्हणून तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला मी पत्र लिहिलं. फाईल आणि पत्र एका मोठ्या पाकिटात घालून दुपारी, ताई प्राधिकरणात असते त्या वेळेला, एका कुरिअरवाल्याच्या हाती दिलं आणि दाजींच्याच हातात द्यायला सांगितलं. ते पत्र असं होतं.

ती. दाजींना,
साष्टांग नमस्कार.

सोबत पोरीची फाईल आहे. साहेबांना देण्याआधी तिच्यातलं नववं पान बघा. त्यावर तुमची सही आहे. मी ती एनओसी आहे असं सांगून घेतली. ती एनओसी नव्हती. तो खुलासा होता, जो तुम्ही लिहू नको म्हणाला होतात. तुम्ही विचारलंत, तू वाचलास ना, आणि मी हो म्हणालो. तेवढंच खरं होतं.

त्या पानावर काय लिहिलंय ते खाली मराठीत देतो. एकही शब्द सोडलेला नाही.

"मी या मुलीचा बाप आहे. मी कारखान्यात काम करतो. कानाची तपासणी करणाऱ्याचा खांदा बघून बटण कसं दाबायचं हे मी कामावर शिकलो. माझ्या मुलीला साध्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून ती साडेपाच वर्षांची असताना मी तिला ते शिकवलं. त्यामुळे तिचे जुने रिपोर्ट चुकीचे आहेत. तिची यात काही चूक नाही. ती फक्त मी शिकवलं तसं करत होती. ती खरोखर ऐकू शकत नाही. तिला खेळू द्यावं, ही विनंती."

दाजी, या पानात मी माझं नाव कुठंच लिहिलं नाही. त्या तपासणीला तिला मी घेऊन गेलो होतो, तिचे डोळे कुठं आहेत ते मी बघितलं होतं आणि मी गप्प बसलो होतो. सगळा दोष मी तुमच्या सहीखाली ठेवला. ते पान लिहिताना हे माझ्या लक्षातही आलं नाही, ते जास्त वाईट आहे.

अजून एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की पोरीच्या कानातलं मशीन चुकीच्या रिपोर्टवरून लावलेलं आहे. तिला आणखी ताकदीचं लागणार आहे. ती आली की आधी ते करू.

नववं पान फाईलीत ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा. ठेवलंत तर साहेबांसमोर मी तुमच्या बरोबर येईन आणि कागद मी लिहिला होता हे सांगेन. काढलंत तर मी कधी विचारणार नाही. तुमच्या शॉपमधल्या माणसांचा विचार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे हे मला माहीत आहे.

पोरीनं निघायच्या आदल्या दिवशी मला लिहून विचारलं होतं, "पप्पांना कळलंय ना तू काय लिहिलंस ते?" मी तिला हो म्हणालो. म्हणजे खोटं मी तुम्हा दोघांशी बोललो. ती गुरुवारी सकाळी उतरतेय. विमानतळावर आपण दोघांनी जायचं ठरलं होतं. मी साडेपाचला तुमच्या इमारतीखाली गाडी घेऊन थांबतो. सहापर्यंत तुम्ही आला नाहीत तर मी एकटा जाईन, आणि गाडीत बसल्यावर तिला खरं काय ते लिहून दाखवेन.

ताईला नमस्कार. हे पत्र तिला वाचून दाखवायचं तर दाखवा.

तुमचा
मेव्हणा